मताचा चेक

बोईसरहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळाली, की आम्हां कुंभवलीकरांना कादंबरी वाचणे सोपे असते. कठीण असते ते 'कशी वाटली?' याचे उत्तर देणे. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची, सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ची. पण आमच्या डब्यात पहिली आवडली म्हणणारा हुशार ठरतो अन् दुसरी वाचून डोळे पुसणारा भोळा. मग रात्री कर्णासाठी रडलेली मंडळीसुद्धा सकाळी पांडुरंग सांगवीकराचे गोडवे गातात!

आता करमणुकीच्या पुस्तकाबद्दल थोडी थाप मारली, तर कोणाचे काय बिघडले? बिघडते हो! मत म्हणजे चेक. त्याच्या भरवशावर शेजारचा माणूस पदरचे पैसे मोडतो, तीन रात्री जागतो आणि 'आपल्यालाच अक्कल नाही' म्हणून वाचणेच सोडतो. बँकेतला चेक निदान न वटता परत तरी येतो. हा परत येत नाही, त्यामुळे फाडणाऱ्याला पत्ताच नसतो.

म्हणून 'मला आवडली' एवढेच म्हणावे. 'श्रेष्ठ आहे' म्हणायला साऱ्या मराठी वाङ्मयाच्या वतीने सही करावी लागते, आणि तेवढे सहीचे अधिकार आम्हां क्लार्कांना दिलेत कोणी?