नात्याची वहिवाट

दुसऱ्या विवाहाचा दिवस ठरविता येतो, निमंत्रितांची यादी आटोपशीर ठेवता येते, नोंदणीच्या कचेरीत साक्षीदारांच्या सह्याही घटकाभरात उरकतात. परंतु त्या विवाहामुळे एका छपराखाली आलेली मुले आणि त्यांच्या आईचा वा वडिलांचा नवा जोडीदार यांच्यामध्ये माया केव्हा उत्पन्न होईल, याची तारीख कोणतीही कचेरी देऊ शकत नाही. ही गोष्ट उघड आहे; तथापि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात पुनर्विवाह हा आता पूर्वीसारखा कुजबुजीचा विषय राहिलेला नसताना, त्या विवाहास संमती देण्याइतपत उदार झालेला आमचा मध्यमवर्ग विवाहानंतरच्या काळाविषयी मात्र विलक्षण उतावळा आहे, आणि या उतावळेपणाचा सारा भार घरातील सर्वांत लहान माणसावर पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावत्र आईविषयीची आमची धारणा ध्रुवाच्या कथेतील सुरुचीने घडविली, असे म्हणण्याची रीत आहे. पुराणकथा शतकानुशतके टिकते ती तिला भोवतालच्या जीवनातून दाखले मिळत राहतात म्हणून. आणि असे दाखले आमच्या विवाहपद्धतीने भरपूर पुरविले. एकोणिसाव्या शतकात पांढरपेशा घरांतील बिजवरासाठीही वधू म्हणून कुमारिकाच शोधली जाई, आणि कुमारिका म्हणजे आठ-दहा वर्षांची पोर. कल्याणच्या यमुनेचे, म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचे, बिजवर गोपाळरावांशी १८७४ मध्ये लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अशा वयाच्या मुली ज्या घरांत पहिलीची मुले खेळत असत त्या घरांतही जात, आणि स्वतःच्या आईच्या आठवणीने रात्री उशी भिजविणाऱ्या त्या पोरीकडून घराने पाच-सहा वर्षांच्या मुलाची आई होण्याची अपेक्षा धरावी, व ती पुरी न झाली की तिला दुष्ट ठरवावे, हा न्याय पिढ्यान्‌पिढ्या चालला. देवलांच्या 'शारदा' नाटकाने १८९९ मध्ये जरठ-बालाविवाहाचा प्रश्न रंगभूमीवर आणला. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावे लागले.

म्हणूनच मला धोंडो केशव कर्वे यांच्या घराचे उदाहरण फार मोलाचे वाटते. त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. विधुराने विवाह करावयाचा तर तो विधवेशीच करावा, या निश्चयाने त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बाया यांच्याशी, पुण्यात लग्न केले, आणि मुरूडकरांनी त्यांच्या घरावर बहिष्कार घातला. हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या घरात तेव्हा अकरा वर्षांचा एक मुलगा होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. तो रघुनाथ, पुढे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालविणारे र. धों. कर्वे. त्या मुलाच्या आयुष्यात आलेली स्त्री वैधव्याचे दुःख भोगून, अक्षरओळख मिळवून, विचारपूर्वक नवा संसार पत्करलेली प्रौढ व्यक्ती होती. यथावकाश त्याला शंकर, दिनकर आणि भास्कर हे तीन सावत्र भाऊ मिळाले. विधवाविवाहाच्या चळवळीने विधवेला संसार दिला, ही तिची कीर्ती यथार्थच आहे. त्याच चळवळीने पोरक्या मुलांना जाणत्या वयाची सावत्र आई मिळण्याची शक्यता प्रथम निर्माण केली, हे तिचे दुसरे श्रेय मात्र अद्याप कोणी मोजलेले दिसत नाही.

विधवेच्या मुलांची कथा याहून कठीण होती. १८५६ च्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क त्या विवाहाबरोबर संपविला, आणि तिच्या मुलांसाठी निराळा पालक नेमण्याचा अर्ज करण्यास मृताच्या आप्तांना वाव ठेवला. मुलांना बरोबर घेऊन नव्या घरी जाणारी आई त्या कायद्याच्या डोळ्यांपुढे जवळजवळ नव्हतीच. आजचा कायदाही सावध आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने नैसर्गिक पालक ठरविताना सावत्र पिता व सावत्र माता यांना स्पष्टपणे वगळले आहे, आणि त्याच वर्षीच्या वारसा कायद्यानुसार सावत्र मुलगा हा सावत्र पित्याचा, मुलगा या नात्याने, वारस होत नाही. पहिल्या वर्षी हा सावधपणा मला योग्य वाटतो. पंधराव्या वर्षी, जेव्हा त्याच मुलाने त्या पित्याची दुखणी काढलेली असतात, तेव्हा तो अन्यायकारक होतो. त्यावर इलाज म्हणजे रीतसर दत्तकविधान किंवा वेळीच केलेले मृत्युपत्र, आणि तो अशा प्रत्येक कुटुंबाने मनावर घ्यावा.

दुसऱ्याच्या जमिनीतून जाणाऱ्या पायवाटेवर हक्क सांगावयाचा, तर १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे ती वाट वीस वर्षे शांतपणे, उघडपणे आणि खंड न पडता वापरात असावी लागते. सावत्र नात्यातला अधिकार याच मार्गाने येतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाउ यांनी अशा कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, लवकर स्थिरावणाऱ्या कुटुंबांनाही सुमारे चार वर्षे, आणि सर्वसाधारण कुटुंबांना सुमारे सात वर्षे लागतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. आमच्याकडे पहिल्या दिवाळीतच निकाल मागितला जातो.

या मुदतीत करावयाचे काय? प्रथम हे ओळखावे, की मुलाचा अबोला हा बहुधा द्वेष नसतो. नव्या आईच्या हातची आमटी आवडली तर ती गेलेल्या आईशी फितुरी होईल, असे आठ वर्षांच्या मुलाला खरोखर वाटते. आणि वडील हयात असून निराळे राहत असतील, तर ही ओढाताण दर रविवारी नव्याने सुरू होते. भिंतीवरची हार घातलेली तसबीर उतरवू नये, पहिल्या घरच्या आजी-आजोबांकडे जाणे-येणे तोडू नये, आणि 'आई' किंवा 'बाबा' अशी हाक सक्तीने वदवून घेऊ नये. काका म्हणत असेल तर काका, मावशी म्हणत असेल तर मावशी. मुलाच्या नावात त्याच्या जन्मदात्या पित्याचे नाव असते, ते बदलून घेण्यासाठी राजपत्रात जाहिरात देण्याची घाई तर मुळीच करू नये. दाखल्यावरचे नाव हे कित्येकदा त्या मुलाजवळ उरलेले वडिलांचे एकमेव चिन्ह असते.

शिस्तीचा अधिकार पहिली काही वर्षे जन्मदात्या आईने वा बापाने स्वतःकडेच ठेवावा, हा अभ्यासकांचा सल्ला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आमच्या शहरांत तो पाळणे सर्वांत अवघड आहे. सकाळी सातची लोकल पकडून रात्री साडेआठला डोंबिवलीस उतरणारी आई गृहपाठाची चौकशी करण्याच्या स्थितीत नसते; मग ती चौकशी, आणि तिच्या पाठोपाठ रागावणे, आपसूक नव्या वडिलांकडे जाते. दोन खोल्यांच्या घरात रुसून बसण्यासाठी निराळा कोपराही नसतो. तेव्हा त्या पुरुषाने क्लासला सोडावे, सायकलची चेन बसवून द्यावी, मुसळधार पावसात छत्री घेऊन स्टेशनवर उभे राहावे, आणि प्रगतिपुस्तकावरची बोलणी आईवर सोपवावी. यात त्याची उपेक्षा होते. वर्षानुवर्षे देत राहूनही परत काही न मिळणे हे खरे दुःख आहे, आणि ते त्याने पत्नीपाशी मोकळेपणाने बोलावे. दोघांना ते पेलेनासे झाले, तर ठाण्यातच १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' कार्यरत आहे. तेथे समुपदेशनास जाण्यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही.

राहता राहिले आपण, म्हणजे आप्त, शेजारी आणि शिक्षक. अशा घरी आपण फराळाला जातो, मुलाला हळूच बाजूला घेतो आणि नवे बाबा आवडतात का, असे विचारतो. हेतू चांगला असतो; पण 'हो' म्हटले तर एका पित्याशी आणि 'नाही' म्हटले तर दुसऱ्याशी बेइमानी, अशा कात्रीत आपण त्या पोराला उभे करतो. त्या घरी अवश्य जा, चकली-करंजी खा, मुलाशी क्रिकेटविषयी, शाळेविषयी, त्याच्या मित्रांविषयी बोला. तो एक प्रश्न मात्र विचारू नका, एवढीच विनंती आहे.