उपकार आणि उचल

कळंब-वाशीकडून ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून आधी उचल घेते. ती फिटेपर्यंत मुकादम बदलणं अवघड. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या माझ्या भाच्याची त्यांच्याशी तुलना करणं अन्यायाचं ठरेल; त्याला चांगला पगार आहे, शिक्षण आहे. पण एक प्रश्न दोघांनाही लागू होतो: ज्यानं आणलं त्याला सोडणं हा कृतघ्नपणा आहे का?

ग्रीनकार्डासाठी दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यानं भारतीयांची रांग फार लांब. रांगेत नंबर आल्यावर शेवटचा अर्ज भरायचा. तो १८० दिवस प्रलंबित राहिला, तर त्याच प्रकारच्या कामासाठी मालक बदलायची मुभा २०००च्या कायद्यानं दिली आहे. भाच्याचे ते दिवस भरले. तरी तो विचारतो, “मामा, कंपनीनं माझ्यासाठी एवढं केलं, जाऊ कसा?”

मला वाटतं, कंपनीनं खर्च केला तो कामासाठी, आणि ते काम त्यानं केलं. आभार मानावेत, हातातलं काम नीट सोपवावं. उपकाराची जाणीव जन्मभर ठेवता येते. उचलीसारखी ती राबून फेडायची नसते. शिवाय जायची वाट मोकळी असताना राहिला, तरच त्या राहण्याला निष्ठा म्हणता येईल. वाट बंद असताना राहणं ही नुसती अडचण.