मुशीच्या हृदयातली वाम

१९९२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या माँटॉक इथे गळाला लागलेली एक माको मुशी किनाऱ्यावर आली. वजन सुमारे ३९५ किलो. तिच्या हृदयात आखूड नाकाच्या वामीच्या दोन अपक्व माद्या होत्या आणि त्यांच्या पोटात रक्त होतं. सिमेंकेलिस पॅरासिटिका या शास्त्रीय नावाची ही खोल समुद्रातली वाम ओळखली जाते ती बहुधा याच घटनेमुळे. परजीवी म्हणून तिची नोंद मात्र १८७९ मधली, गळावरच्या हॅलिबट माशांच्या अंगात ती शिरलेली मिळाली तेव्हाची. प्राण्याची सवय ठरवताना तो कुठे सापडला एवढंच पाहून भागत नाही, आपण त्याला कसं गाठलं तेही तपासायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. गळात अडकलेला हॅलिबट जखमी असतो, त्याला पळता येत नाही. त्याच्यात शिरलेली वाम असहाय भक्ष्याचं काय करते, तेवढंच त्यावरून कळतं. धडधाकट माशात ती बिऱ्हाड करते, हे सिद्ध होत नाही. तिची ठेवणही वेगळं सांगते. बोथट मुस्कट, आडवं चिरल्यासारखं लहान तोंड, एका ओळीत दाटीने बसलेले दात आणि दणकट जबडा. वरून बुडत आलेल्या मोठ्या कलेवराचे लचके तोडायला हे हत्यार उत्तम आहे.

मग मुशीतल्या वामींच्या पोटातल्या रक्ताचं काय? हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. मुशी मरणपंथाला लागलेली असताना त्या आत शिरल्या असाव्यात, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. तो मान्य केला तरी प्रसंगी ही वाम दुसऱ्याच्या शरीरात शिरून जगू शकते, हे कबूल करावंच लागतं. पण जमणं वेगळं आणि त्यावर जगणं अवलंबून असणं वेगळं. दुसरा आक्षेप माझ्याच युक्तिवादावर उलटतो: आमिष लावलेल्या सापळ्यात येणारी वाम आमिषाला भुललेलीच असणार, तेव्हा ती मेलेलं खाते हा निष्कर्षही तितकाच संशयास्पद. बरोबर आहे, म्हणून मी सापळ्यापेक्षा आमिषाविना ओढलेल्या ट्रॉल जाळ्यांना जास्त मोल देतो. अटलांटिकपासून जपान आणि न्यूझीलंडपर्यंत, शेकडो मीटर खोलीवरून ही वाम अशा जाळ्यांत मोकळी पोहणारी म्हणून आली आहे. इतर वामींसारखीच तिची पानासारखी पारदर्शक पिल्लंही खुल्या पाण्यात तरंगत वाढतात. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंतच्या कोणत्याही टप्प्यावर यजमानाच्या शरीराशिवाय तिचं अडतं, असा पुरावा ना हॅलिबटने दिला, ना त्या मुशीने.