वाटेतला अडथळा कोणाचा?



लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांना बजावतो, की बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. आंधळ्याला हात धरून न्यावे, असे तिथे म्हटलेले नाही. तेही चांगलेच, पण ही आज्ञा त्याच्या आधीची आहे. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही, आंधळ्याला दगड ठेवणारा दिसत नाही. पाहणारा एकटा देव असतो.

ही आज्ञा आज आठवते ती मोबाईलवर येणाऱ्या अभ्यासामुळे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही पद्धत घराघरांत शिरली आणि शाळा उघडल्यावरही बरीच टिकली. वहीचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, झाले! दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय असते. संगणकासाठी तर एनव्हीडीए नावाचा असा प्रोग्राम फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने तो २००६ साली सुरू केला. तो मराठीही वाचतो. पण फोटो आला की आवाज अडतो. छापील अक्षरे ओळखणारी साधने आता निघाली आहेत, परंतु घाईत लिहिलेल्या हस्ताक्षरापुढे ती बहुधा हात टेकतात. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टची गंमत आणखी निराळी. आपल्याला 'आई' दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे भलतीच रोमन अक्षरे असतात आणि आवाज तीच बडबडतो! कर्णबधिर मुलाच्या व्हिडिओत सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, खाली सबटायटल नसतात. त्याने ओठ वाचायचे कसे?

मुलाला दिसत नाही, यात शिक्षकांचा काही हात नाही. धडा फोटो होऊन आला, यात मात्र माणसाचाच हात आहे. म्हणूनच इथे 'दया' हा शब्द मला अपुरा वाटतो. दया करणारा ती न करायलाही मोकळा असतो. वाटेत दगड ठेवणारा तो उचलायला बांधलेला असतो. देशाचा कायदाही आता याच दिशेने बोलतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर, ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. केवायसीसाठी पापण्या मिटून दाखवा, असे ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना सांगितले जात होते; त्यातून तो खटला उभा राहिला.

एका मुलासाठी शिक्षकांनी दुप्पट काम का करावे, असे कोणी विचारील. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. शिक्षकांच्या डोक्यावर आधीच निवडणुका आणि जनगणना असतात. सांकेतिक भाषेचे जाणकार गावोगाव मिळत नाहीत, त्यांना मानधन द्यावे लागते. तो भार शासनाने आणि संस्थांनी उचलायचा आहे, त्यात आपल्या मिशनरी शाळाही आल्या. पण फोटोऐवजी चार ओळी टाइप करणे, 'हे यात मिळवा' न म्हणता आकडे मोठ्याने उच्चारणे, बोलताना चेहऱ्यावर उजेड ठेवणे, याला पैसा लागत नाही.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय ओरडू लागला तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसवायला पाहिले, असे संत मार्क सांगतो. येशूने त्याला जवळ बोलावले आणि त्याला काय हवे ते विचारले. आंधळ्याला काय हवे, हे कोणीही सांगितले असते. तरी प्रभूने त्यालाच विचारले.

आपल्या ख्रिस्तशिक्षणाच्या ग्रुपवरील प्रार्थना आणि पहिल्या कम्युनियनच्या सूचनाही पुष्कळदा रंगीत चित्रांतच असतात. पुढच्या रविवारपासून प्रत्येक चित्राखाली तोच मजकूर टाइप करून टाकता येईल. आणि ज्या घरात असे मूल आहे, तिथे आईवडिलांच्या आधी त्या मुलालाच विचारावे, की धडा त्याला कसा हवा.