न दिसणारा चरा

माळ्यावर पडलेल्या जुन्या तबकड्या म्हणजे अडगळ, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. माझीही समजूत तशीच होती. परंतु डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात बीटल्स या इंग्रज वादकवृंदाची १९६८ सालची एक जोड-तबकडी सात लाख नव्वद हजार डॉलरना विकली गेली. त्या तबकडीच्या कव्हरांवर अनुक्रमांक छापलेले असत आणि ही प्रत पहिल्या क्रमांकाची होती. वृंदातील ड्रमवादक रिंगो स्टार यांची ती स्वतःची प्रत; पस्तीसहून अधिक वर्षे ती बँकेच्या तिजोरीत होती. त्या काळातील रॉक संगीताच्या तबकड्या शोधत फिरणारे संग्राहक आज जगभर आहेत, आपल्या देशातही आहेत. या व्यवहारात प्रामाणिकपणाची कसोटी नेमकी कोठे लागते, हा प्रश्न मला अलीकडे पडला. आणि तोही वाचनातून नव्हे, तर माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

आमच्या मंडळीतील एका मावशींचे थोरले भाऊ जहाजावर नोकरीला होते. बंदरोबंदरी घेतलेल्या एकतीस तबकड्या त्यांनी सागवानी कपाटात ठेवल्या होत्या, त्याही उभ्या. तबकड्या एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात, धग लागली की पापडासारख्या वेड्यावाकड्या होतात, पावसाळी ओल लागली की कव्हरांना बुरशी धरते. हे सारे त्यांनी सांभाळले होते. पुढे भाऊ वारले आणि मावशींच्या घराचे छप्पर गळू लागले. एके दिवशी उपासनेनंतर त्या म्हणाल्या, "बाळा, तुला यातलं काही कळतं का रे? एवढं विकून दे मला."

कळत नव्हते, शिकावे लागले. या बाजारात तबकडीच्या स्थितीला ठरलेली नावे आहेत. अमेरिकेतील 'गोल्डमाइन' मासिकाची श्रेणी बहुतेक जण मानतात. 'मिंट' म्हणजे टांकसाळीतून आताच निघालेल्या नाण्यासारखी, सर्वस्वी निर्दोष. तिच्या खालोखाल 'निअर मिंट'. मग 'व्हेरी गुड प्लस', तिची किंमत साधारण निम्मी. 'व्हेरी गुड' असेल तर पाव. आणि नुसती 'गुड' म्हणजे चांगली, असे समजू नये. ती खरखरते, तिच्यावर चरे असतात आणि दहा-पंधरा टक्क्यांवर भाव आला तरी नशीब. शब्द चांगला, वस्तू मात्र झिजलेली! बाजारात शब्द किती फुगतात, याचा हा नमुनाच म्हणायचा.

यादी करताना मी एक तबकडी वाजवून पाहिली. लेड झेपेलिन या वृंदाची १९६९ सालची दुसरी तबकडी, अमेरिकन छपाईची. माझे यंत्र स्वस्तातले, पेटीचे. पहिल्याच गाण्यात सुई उडाली आणि घसरत गेली. मी घाईने ती उचलली. तबकडी दिवसाच्या उजेडात चकचकीत दिसत होती. मी यादीत लिहिले, 'निअर मिंट'.

यादी एका संग्राहकाकडे गेली. त्यांचा फोन आला. मधल्या कागदाजवळ, जेथे खाचा संपतात तेथे, काही अक्षरे कोरलेली आहेत का, असे त्यांनी विचारले. मी भिंगातून पाहिले. होती, आर. आणि एल. तेव्हा त्यांनीच उलगडा केला. ही रॉबर्ट लुडविग या तंत्रज्ञाच्या नावाची आद्याक्षरे. त्यांनी या तबकडीचा आवाज इतका जोरकस कोरला होता की स्वस्त यंत्रांवर सुई उडू लागली, म्हणून कंपनीने पुढे ती सौम्य करून पुन्हा कोरून घेतली. त्यामुळे ती पहिली छपाई आज मोलाची. ते म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून सांगतो. तुम्ही लिहिल्यासारखीच असेल तर चोवीस हजार देईन."

त्या रात्री मी तबकडी टेबलावरच्या दिव्याखाली तिरपी धरली. केसासारखा एक चरा, सुई घसरली तेथेच. 'व्हेरी गुड प्लस' म्हणजे बारा हजार. छायाचित्रात तो चरा येत नव्हता. मनात काय काय आले ते लपवीत नाही. वाजवताना कदाचित ऐकूही येणार नाही. संग्राहक बहुधा ती वाजवणारही नाहीत, काचेआड ठेवतील. आणि फायदा माझा थोडाच, एका गरजू मावशींचा! दुसऱ्याच्या भल्याचे नाव पुढे करून आलेला मोह ओळखायला फार अवघड असतो.

सिसेरो या रोमन विचारवंताने आपल्या 'कर्तव्ये' या ग्रंथात असाच प्रश्न घेतला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला एकट्याला माहीत आहे. त्याने ते सांगावे का? लगेच दुसरे उदाहरण: घरातील दोष फक्त मालकाला ठाऊक आहेत, आणि तो घर विकतो आहे. गप्प बसणे म्हणजे फसवणे नव्हे, असा एक पक्ष तो मांडतो. पण स्वतःचा निर्णय देतो तो असा की, जे जाणून घेण्यात समोरच्याचे हित आहे ते आपल्या लाभासाठी त्याच्यापासून दडवून ठेवणे हे सरळ माणसाचे काम नव्हे.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. जुन्या तबकडीला मोठी किंमत घेणे यात पाप नाही. वस्तू दुर्मिळ आहे, कोणीतरी ती पन्नास वर्षे जपली आहे, घेणारा राजीखुशीने देतो आहे. दोष किमतीत नसतो. समोरच्याला जे दिसत नाही त्याचे पैसे करण्यात असतो. काही तबकड्या तर मूळच्या प्लॅस्टिकमध्ये बंद अशाच विकल्या जातात. आत काय आहे हे उघडल्याखेरीज कळत नाही, आणि उघडली की किंमत उतरते. जुन्या तबकडीवर नवे प्लॅस्टिक चढवून फसवणारेही आहेतच. अशा वेळी घेणाऱ्याच्या हाती विकणाऱ्याच्या शब्दावाचून दुसरे काय असते? म्हणजे यादीतील श्रेणी ही जाहिरात नव्हे, ती साक्ष आहे. खोट्या वजनमापांविषयी शास्त्रात जे सांगितले आहे ते आपण मुलांना शिकवतो. येथे तर आपला शब्द हेच वजन. त्या संग्राहकांनी आपल्या तोट्याचे असूनही मला खरे वजन दाखवले होते. मी कोणते दाखवणार होतो?

दुसऱ्या दिवशी मी आधी मावशींकडे गेलो. चरा माझ्या हातून पडला, हे सांगणे संग्राहकांना सांगण्यापेक्षा जड गेले. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादानं एवढं जपलं. त्याच्या वस्तूवर खोटं नको. लिही खरं तेच." मी फोन केला, चरा किती लांब आणि कोठे आहे ते सांगितले. सौदा बारा हजारांत झाला.

उरलेले बारा हजार मी मावशींपुढे ठेवले. त्यांनी सहा मोजून घेतले, सहा परत केले. "काहीच घेतलं नाही तर तुला टोचत राहील," त्या म्हणाल्या, "सगळं घेतलं तर मला."

छप्पर अर्धेच झाले. राहिलेले पुढच्या पावसाळ्याआधी करू, असे मी म्हणालो आहे. प्रिय वाचकहो, खरे बोलल्याने तोटा होत नाही असे मी तुम्हांला सांगणार नाही. झाला, आणि त्या घराच्या मागच्या खोलीत तो ठिबकतो. पण आता यादी करताना दोन श्रेणींमध्ये मन अडखळले की मी खालची लिहितो, आणि तबकडी दिव्याखाली तिरपी धरल्याशिवाय लिहीत नाही.