बाटलीतला आंबा

2022 ची रमजान ईद मे महिन्यात आली. मालवणच्या किनाऱ्यावर हे दिवस पावसाळ्याच्या बेगमीचे. आमच्या मामूंच्या घरी परसात मसाला भाजणे चालले होते आणि ओटीवर दुबईहून आलेला त्यांचा मुलगा बॅग उघडून बसला होता. अत्तर, खजूर, आणि बापासाठी एक ई-सिगारेट. सोबत द्रवाची छोटी बाटली, तिच्यावर पिकलेल्या आंब्याचे चित्र. ‘‘अब्बा, ह्यात धूर नाही, नुसती वाफ.’’

मामूंनी तीस वर्षे बिडी ओढली. 2019 च्या रमजानात सोडली ती सोडलीच. तलफ मात्र गेली नव्हती. माशाचे कालवण-भात झाला की हात अजून खिशाकडे जाई. मुलाला हे ठाऊक होते, म्हणून त्याची नीयत स्वच्छ होती यात शंका नाही. कायदा मात्र त्याच्या बाजूने नव्हता. दुबईत 2019 मध्ये ह्या वस्तूची विक्री कायदेशीर झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे वटहुकूम निघून तिचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सारेच बंद झाले.

घरात प्रश्न निघाला तो निराळाच. हे हलाल आहे का? बाटलीवर घटक छापलेले होते: प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, निकोटिन, फ्लेवरिंग. ‘व्हेजिटेबल’ हा शब्द वाचताच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ग्लिसरीन चरबीपासूनही निघते, हे नव्हे. झाले समाधान! बिस्किटाच्या पुड्यावरचे बारीक आकडे वाचण्याची सवय आम्हाला लागली आहे. पण ती सवय एका विशिष्ट प्राण्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ‘फ्लेवरिंग’ ह्या शेवटच्या शब्दापाशी कोणीही थांबले नाही. त्या एका शब्दात डझनभर रसायने मावतात.

कुरआनात सूरह बकरामध्ये हलाल ह्या शब्दाला जोडून तय्यिब हा शब्द येतो. तय्यिब म्हणजे शुद्ध, चांगले, हितकर. पहिला शब्द आम्ही घट्ट धरला, दुसरा बाजारावर सोपवला.

कंपन्या म्हणतात, हे स्वाद खाण्यासाठी मान्य झालेले आहेत. खरे आहे. पण खाण्यासाठी. मालवणी माणसाला ह्यातला फरक समजावून सांगावा लागू नये. जी मिरची आपण चवीने खातो, तीच परसात भाजायला घेतली की अख्खी वाडी ठसकते. पोटाला जठर आहे, यकृत आहे, नको ते उलटून टाकण्याची सोय आहे. फुफ्फुसाला असे स्वयंपाकघर नाही. दालचिनी आपल्या मसाल्यात असतेच, पण तिला वास देणारे सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेतल्या पेशींना अपाय करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. लोण्याला वास देणारे डायअसिटिल खाण्यात निरुपद्रवी. पण 2000 साली अमेरिकेत मिसुरीतल्या एका पॉपकॉर्न कारखान्यातले आठ माजी कामगार श्वासनलिका आक्रसण्याच्या असाध्य रोगाने ग्रासलेले आढळले. ते लोणी खात नव्हते, त्याचा वास दिवसभर हुंगत होते. ब्रिटनने पुढे ई-सिगारेटच्या द्रवात डायअसिटिल घालायला बंदी केली. आपल्याकडे वस्तूच बंद, म्हणून चोरवाटेने येणाऱ्या बाटलीत काय आहे हे तपासण्याचा प्रश्नच नाही. विडी-सिगारेट मात्र प्रत्येक टपरीवर खुली. ही विसंगती मला कायद्याइतकीच सलते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिगारेटच्या धुरातही डायअसिटिल असते, आणि तेही जास्त. धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड ह्या द्रवात नसते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने 2015 मध्ये ई-सिगारेट धूम्रपानापेक्षा 95 टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला, पण ती सिगारेटपेक्षा कमी घातक आहे हे बहुतेक जाणकार मानतात.

फिक्हमध्ये एक नियम आहे: दोन अपाय टळत नसतील तर हलका पत्करावा. मुलाने तोच पुढे केला. मौलवींकडे न जाता त्याला तो आठवला, याचे मला कौतुक वाटले. पण नियमाची अट तो विसरला. दोन अपाय समोर हवेत. रोज दोन बंडले ओढणाऱ्या खलाशासाठी तुलना बिडीशी आहे, आणि त्याने ही वाफ निवडली तर त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटणार नाही. तीन वर्षे बिडीला न शिवलेल्या माणसाची तुलना कोणाशी? त्याच्यासमोर दुसरा अपाय नाहीच, समोर समुद्रावरून येणारा वारा आहे. त्याला ‘कमी विष’ देणे म्हणजे विष देणेच. तलफ फारच छळू लागली तर निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते. त्यात काय आणि किती हे तरी लिहिलेले असते.

हे सारे मी त्या दिवशी इतके सुसंगत बोललो नाही. मुलगा हिरमुसला. बापासाठी पैसे मोजून आणलेली वस्तू होती ती.

मामू ऐकत होते. त्यांनी बाटली उचलली, बूच काढून हुंगली, चष्मा लावून घटकांची ओळ बोटाने वाचली. ओटीच्या कोपऱ्यात गवतात आंबे पिकायला घातले होते, त्यांचा घमघमाट सुटला होता.

‘‘सगळा लिवलेला आसा,’’ ते मुलाला म्हणाले, ‘‘पण ह्याच्यात आंबो खंय आसा रे?’’