उपचारांची तारीख

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी 58 टक्क्यांहून अधिक मतांनी एक धाडसी कायदा मंजूर केला. स्वतःपुरते थोडे ड्रग्ज जवळ सापडले तर तुरुंग नाही. शंभर डॉलर दंड, आणि हेल्पलाइनला फोन करून आरोग्याची विचारपूस करू दिली तर तोही माफ. गांजावरच्या कराचा पैसा उपचारांकडे वळवायचा. व्यसन हा आजार आहे, हे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले; एका राज्याने ते कायद्यात उतरवले, याचे मला आजही कौतुक वाटते.

पण शिक्षा 1 फेब्रुवारी 2021 रोजी थांबली आणि उपचारांचा मोठा निधी संस्थांच्या हाती पडायला 2022 चा उत्तरार्ध उजाडला. तोवर रस्तोरस्ती फेंटानिल हे जहाल ड्रग पसरले. हेल्पलाइनला फोन करणारे फारच थोडे निघाले. व्यसनी माणसाच्या मनात ‘आता पुरे’ हा विचार येतो तो काही तासांसाठी. टर्की, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, सुरू झाली, अंग मोडून आले, की तो वाहून जातो. त्याच तासांत समोर डॉक्टर हवा, ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध हवे, रिकामी खाट हवी. त्याला पुढच्या महिन्यातली तारीख देणे म्हणजे परत पाठवणेच. आणि खाटेवरून उठल्यावर डोक्यावर छप्पर, हाताला काम, आणि स्लिप झाली, म्हणजे पाय पुन्हा नशेकडे घसरला, तरी दार न लावणारा समुपदेशक लागतो. या सगळ्याला वर्षे लागतात.

लोकांचा धीर सुटला. 2024 मध्ये विधिमंडळाने ड्रग्ज बाळगणे पुन्हा गुन्हा ठरवले, गव्हर्नर टिना कोटेक यांनी सही केली. खटल्याऐवजी उपचारांची वाट त्या कायद्यातही आहे, पण ती खुली करायची की नाही हे काउंट्यांवर सोडले आहे. दयाळूपणा फसला, असे तिथे अनेकजण म्हणतात. मला हे अन्यायाचे वाटते. त्या दयाळूपणाला वेळेवर पैसा आणि माणसे मिळालीच नाहीत.

आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही कलम 64 अ आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. जवळपास असे केंद्रच नसेल तर शेतमजुराच्या पोराने हे संरक्षण कुठे मागायचे? कलम 71 सरकारांना केंद्रे उभारण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. ती सक्ती राज्याने स्वतःवर घालून घ्यावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या किती खाटा, किती समुपदेशक, हे कायद्यात लिहावे आणि त्यासाठीची रक्कम त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ठेवावी. आपल्या आमदाराला हे विचारायला निवडणुकीची वाट पाहू नका.